आपल्या वस्तीत साठीच्या वरचे किती? विहार समित्यांनी आधी हे मोजावे

पूर्व उपनगरातल्या ज्या विहारात आमची नेहमीची ये-जा असते, तिथे गेल्या वर्षावासात आरोग्य तपासणीचे शिबिर भरले होते. डोळे, साखर, रक्तदाब असे सगळे होते. डॉक्टर वेळेवर आले, बॅनर लागला, चहा-बिस्किटे आली. शिबिर मात्र पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात, कारण तळमजल्यावर भंतेजींची खोली आणि उरलेल्या जागेत मंडपाचे सामान, खुर्च्या, जयंतीची भांडी. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. दुपारपर्यंत तपासून गेलेल्यांत बहुतेक तरुण पोरे आणि चाळिशीतल्या बायका. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या आज्या खाली पायरीवरच बसून होत्या. एकीने वर बघून हात जोडले, "इथूनच वंदन करते बाबा," म्हणाली आणि घरी गेली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचे यंत्र उचलून खाली आणले, तोवर निम्म्याजणी परतल्या होत्या.

पुढच्याच महिन्यात समितीची बैठक झाली. विषय होता जमलेल्या निधीचा. वर आणखी एक मजला चढवून अभ्यासिका करायची, असे आधीपासून ठरल्यासारखेच होते. कुणीतरी शिबिराचा विषय काढून म्हणाले, आधी तळमजला मोकळा करू, ज्येष्ठांना बसायला जागा करू, संडासला कठडा लावू. लगेच दुसऱ्या बाजूने आवाज चढला, "दादा, पोरांना अभ्यासाला जागा नाही आणि तुम्ही म्हाताऱ्यांचं काय काढलंय?" दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पण एका ताईंनी विचारले, "आपल्या विहाराखाली येणाऱ्या घरांत साठीच्या वरची माणसं आहेत तरी किती? आणि दहावी-बारावीची पोरं किती?" यावर कुणाकडे उत्तर नव्हते. वीस-वीस वर्षे समितीवर असलेली माणसे आम्ही, पण सगळेच अंदाजाने बोलत होतो. आणि आमचा अंदाज होता तो आम्ही तरुण असतानाच्या वस्तीचा.

हा लेख त्या प्रश्नावर आहे. एखाद्या उपनगरात, वस्तीत, विहाराच्या परिसरात कोणत्या वयाची किती माणसे राहतात, हे कसे कळते, सरकारी हिशेबात ते का दिसत नाही, आणि आपल्या समाजाला ते कळणे आत्ताच का गरजेचे आहे.

डोकी मोजली, वय नाही मोजले

मुंबई महापालिकेच्या विभागांपैकी घाटकोपर येते एन विभागात. २०११ च्या जनगणनेत या विभागाची लोकसंख्या ६,२२,८५३ होती. शेजारी गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व, ८,०७,७२०. चेंबूरचा एम पश्चिम, ४,११,८९३. आणि वर मुलुंडचा टी विभाग, ३,४१,४६३. पूर्व उपनगरातलीच ही सगळी वस्ती.

आता राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा नियम पाहा: साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र. या हिशेबाने घाटकोपरला बारा-तेरा, गोवंडी-मानखुर्दला सोळा, मुलुंडला सात. हिशेब सोपा आहे, पण तो फक्त डोकी मोजतो. गोवंडी-मानखुर्दमध्ये लहान मुलांचे प्रमाण जास्त आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग शहरात सर्वांत खाली होता. तिथल्या केंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुपोषण आणि क्षयरोग हे रोजचे काम. मुलुंडमध्ये किंवा टिळकनगरच्या जुन्या सोसायट्यांत मधुमेह, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू. दोन्ही ठिकाणी ५० हजारांमागे एकच पाटी आणि जवळपास तेच कर्मचारी दिले, तर एकीकडे लस द्यायला हात कमी पडतात आणि दुसरीकडे घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसाची जखम बांधायला कुणी नसते.

अंगणवाडीचेही तसेच. ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, पुढे दर ८०० ला आणखी एक. त्या आठशेंत सहा वर्षांखालची मुले शंभर आहेत की चाळीस, हे नियमात कुठे येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत बालवाडी, कल्याण केंद्र, युवा केंद्र अशा गोष्टींसाठी जागा ठेवावी लागते, तीही कुटुंबांच्या संख्येवर. त्या कुटुंबांत पाळण्यातले बाळ आहे की ऐंशीची आजी, याच्याशी नियमाला देणेघेणे नाही. आम्ही हे नियम वाईट आहेत असे म्हणत नाही. निदान संख्येवर तरी हक्काने मागता येते. पण त्यापुढचा हिशेब कुणीतरी करायला हवा, आणि तो वस्तीच्या जवळ असलेल्यांनीच करायला हवा.

जनगणना वय विचारते, पण वॉर्डाला सांगत नाही

इथे अनेकांचा गैरसमज असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जनगणनेत प्रत्येकाचे वय विचारले जाते हे खरे. पण वॉर्ड पातळीवर जे आकडे सहज मिळतात, त्या तक्त्यात एकूण लोकसंख्या, स्त्री-पुरुष, शून्य ते सहा वयाची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे एवढेच रकाने असतात. म्हणजे वॉर्डात सहा वर्षांखालची मुले किती हे कळते, साठीच्या वरचे किती हे कळत नाही. पाच-पाच वर्षांच्या गटांचे सविस्तर तक्ते जिल्हा आणि मोठे शहर या पातळीवरचे. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ९३,५६,९६२ होती. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत सगळे त्यात एकत्र. त्या जिल्ह्याच्या सरासरीवरून रमाबाई नगरातल्या किंवा सिद्धार्थ कॉलनीतल्या एका गल्लीचे काय कळणार?

त्यात ते आकडे जुने. २०२१ ची जनगणना लांबली, पुढची मोजणी आता फेब्रुवारी २०२७ मध्ये, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून. म्हणजे मधे सोळा वर्षे. २०११ ला जी मुले शून्य ते सहा या रकान्यात होती, ती २०२७ ला सोळा ते बावीस वर्षांची असतील. कुणी बारावीला, कुणी पदवीला, कुणी डिलिव्हरीच्या मोटारसायकलवर. त्यांच्यासाठी २०११ चा आकडा धरून बालवाडी मागत बसलो तर हसू होईल. आणि २०११ ला जे ४५ ते ५९ वयाचे कमावते होते, ते २०२७ ला ६१ ते ७५ चे असतील. समितीतले बहुतेक आम्ही त्याच गटातले. आपण अजून स्वतःला कार्यकर्ते समजतो, पण हिशेबात आता लाभार्थी झालो आहोत.

हे वय पुढे सरकवण्याचे गणित कुणालाही करता येते. जुना आकडा घ्यायचा, गेलेली वर्षे मिळवायची, मृत्यू आणि स्थलांतर वजा-अधिक करायचे. लोकसंख्याशास्त्रज्ञ हेच करतात, फक्त बारकाईने. केंद्राच्या तज्ज्ञगटाने केलेल्या अशाच प्रक्षेपणात महाराष्ट्रातल्या साठीच्या वरच्यांचे प्रमाण २०११ मधल्या सुमारे दहा टक्क्यांवरून २०२१ मध्ये बाराच्या जवळ आणि २०३१ मध्ये पंधराच्या घरात जाते. समजा एका विहाराच्या परिसरात ४०० घरे आणि १,६०० माणसे आहेत. राज्याची सरासरी धरली तरी २०२१ च्या प्रमाणाने १९० च्या आसपास ज्येष्ठ आणि २०३१ च्या प्रमाणाने २४०. एका वस्तीत पन्नास म्हातारी माणसे वाढणार, आणि जिना तोच राहणार.

आपला समाज म्हातारा होतो आहे, आणि लवकर

राज्याच्या सरासरीवर आपण थांबू नये, कारण बौद्ध समाजाची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ८४,४२,९७२ बौद्ध नोंदले गेले, त्यातले ६५,३१,२०० महाराष्ट्रात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, बौद्धांची नोंद १२ टक्क्यांच्या आत राहिली. आपल्याकडे यावर चर्चा होते ती एकाच अंगाने: धर्माच्या रकान्यात लोकांनी बौद्ध लिहिले नाही, गणकाने परस्पर हिंदू टाकले. ते घडते, घडले आहे, आणि २०२७ ला घडू नये म्हणून जागृती करायलाच हवी. अनुसूचित जातीच्या यादीत राहूनही धर्म बौद्ध लिहिता येतो, १९९० च्या दुरुस्तीने तो प्रश्न सुटला आहे, हे अजून घरोघर सांगावे लागते.

पण वाढ कमी असण्याचे दुसरेही कारण आहे आणि त्यावर आपण फारसे बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, बौद्ध स्त्रियांचा एकूण जननदर १.३९ निघाला. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील याचा हा आकडा. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला तो साधारण २.१ लागतो. देशाचा २.०, महाराष्ट्राचा १.७, आणि बौद्धांचा त्या सर्वेक्षणातल्या सगळ्या धर्मसमूहांत कमी. यात लडाख आणि ईशान्येकडचे बौद्धही आले, पण देशातल्या दर चार बौद्धांमागे तीन महाराष्ट्रातले असल्याने आकड्यावर आपलाच ठसा आहे.

ही लाजेची गोष्ट नाही. मुली शिकल्या, उशिरा लग्ने झाली, एक-दोन मुलांवर घरे थांबली. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला होता आणि त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव तेव्हा फेटाळला गेला. आपल्या आया-आज्यांनी तो पुढे घरात मंजूर केला, असे म्हणायला हरकत नाही. अलीकडे काही मंडळी "आपली संख्या वाढवा" असे व्यासपीठावरून सांगतात. आम्हाला तो सल्ला बायकांच्या अंगावर टाकलेले ओझे वाटतो. प्रश्न संख्या वाढवण्याचा नाही. दोन भावंडांच्या पिढीचे चार आजी-आजोबा असतील, त्यांना कोण बघणार, हा आहे.

लाट एकदम आली, एकदम थकली

उपनगरातल्या वस्त्यांचे वय आणखी एका गोष्टीने ठरते. वस्ती हळूहळू भरत नाही, लाटेने भरते. कोकणातून, साताऱ्याकडून माणसे आधीपासून येत होती. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि नगर-सोलापूरकडून मोठा लोंढा आला. नाल्याकाठी, खाडीकडेला, महामार्गाच्या बाजूला खोपटी उभी राहिली. येणारा माणूस तेव्हा बहुधा अठरा ते तीसचा. म्हातारे गावी राहिले, जमिनीच्या तुकड्याशी नाहीतर तोही नव्हता म्हणून मजुरीशी. त्यामुळे वस्ती सुरुवातीला तरुणच होती. मग पाळणे हलले, बालवाड्या भरल्या, १९९० च्या सुमारास दहावीच्या मुलांची गर्दी झाली. बहुतेक विहारांतल्या अभ्यासिका, क्रीडा मंडळे, बालसंस्कार वर्ग त्या काळातले. ती योजना तेव्हाच्या वयाला अगदी बरोबर होती.

१९७२ ला जो वीस वर्षांचा होता, तो आज चौऱ्याहत्तरचा आहे. लाट एकदम आली, म्हणून एकदमच थकली. आणि दरम्यान दुसरी गोष्ट झाली. मुले शिकली, नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली, आणि दहा बाय बाराच्या खोलीत दोन संसार मावेनात. मुले बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, विरार, पनवेलकडे गेली. आई-वडील मागे राहिले, कारण दवाखाना ओळखीचा, रेशनचे दुकान ओळखीचे, विहार जवळ, आणि खोली सोडली तर पुनर्विकासात हक्क जाईल ही भीती. कागदावर कुटुंब पाच जणांचे दिसते. प्रत्यक्षात दार उघडते ते एकटी आजी. एम पूर्वमधल्या काही पुनर्वसन वसाहतींत याच्या उलट चित्र आहे: तरुण कुटुंबे, भरपूर मुले, आणि खेळायला जागा नाही. दोन ठिकाणे बसने वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर. एकीकडच्या कार्यकर्त्याने दुसरीकडचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलला तर तो फसणारच.

या वरच्या वयात बायका जास्त, त्यात विधवा जास्त, हेही लक्षात ठेवावे. पालिकेच्या सफाई खात्यात, रेल्वेत, गोदीत राबलेले पुरुष लवकर गेले. मागे राहिलेल्यांपैकी काहींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ज्या घरकाम करत होत्या त्यांना काहीच नाही.

साठ, पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर

"ज्येष्ठ" हा एक गट धरून नियोजन होत नाही, कारण प्रत्येक योजनेचे दार वेगळ्या वयाला उघडते. कायद्याने साठीला माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. श्रावणबाळ योजना पासष्टला, महिना १,५०० रुपये. वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३,००० रुपये, तेही पासष्टला. एसटीत पासष्टपासून अर्धे तिकीट, पंच्याहत्तरपासून मोफत. सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार.

या दारांमध्ये एक फट आहे. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाची, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते. पासष्ट पूर्ण झाले की ती बंद. पुढे श्रावणबाळ घ्यायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. मुंबईत २१,००० म्हणजे महिना पावणेदोन हजार. मुलगा सुरक्षारक्षक असला तरी आजी बाद. म्हणजे हातपाय चालत असताना मिळणारे दीड हजार, हातपाय थकले की थांबतात. तुमच्या वस्तीत ६३-६४ वयाच्या बायका किती आहेत हे माहीत असेल, तर येत्या दोन वर्षांत किती घरांवर ही वेळ येणार ते आधीच कळते. त्यावर निवेदन देता येते, उत्पन्नाची मर्यादा वाढवायची मागणी आकड्यानिशी करता येते. एरवी आपण फक्त "ज्येष्ठांवर अन्याय" असे म्हणतो आणि आमदार मान डोलावतात.

मोजायचे कसे

सर्वांत सोपी वस्तू आपल्या हाताशीच असते आणि निवडणूक झाली की आपण ती रद्दीत टाकतो: मतदार यादी. यादीच्या प्रत्येक भागात मतदाराचे नाव, घर, वय छापलेले असते. एका रविवारी दोन मुले पेन्सिल घेऊन बसली तर साठीच्या वरच्या नावांवर खूण करून होते. त्रुटी आहेतच. मेलेल्यांची नावे राहतात, बदलापूरला गेलेल्याचे नाव इथेच असते, आणि कोकणातल्या अनेकांनी नाव गावच्याच यादीत ठेवलेले असते. अठराच्या खालचे त्यात नाहीत. मुलांसाठी अंगणवाडीच्या सेविकाताईंकडे कुटुंब सर्वेक्षणाची वही असते. पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकेला तर कोणत्या घरात बाळंतीण आणि कोणत्या घरात अंथरुणावरचा रुग्ण, तोंडपाठ असते. या तिघांना एकत्र बसवले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे दारावर जाऊनच करायचे. आमच्याकडे महिला मंडळाने हे अंगावर घेतले. शंभर पानी वही, घरटी एक ओळ. कोण कोण राहते, प्रत्येकाचे वय, कोणत्या मजल्यावर, जिना चढता येतो का, रात्री घरात दुसरे कुणी असते का. उत्पन्न विचारायचे नाही, आजार खोदून विचारायचा नाही, आधार क्रमांक तर अजिबात लिहायचा नाही, असे आधीच ठरवले. वही एकाच ताईंकडे, कुलपात. व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकायचा नाही. हे शेवटचे पाळायला सर्वांत जड गेले.

आणि मग आली १ जूनची भानगड. जुन्या माणसांत ज्याची त्याची जन्मतारीख १ जून. कारण ठाऊक आहे: जूनमध्ये शाळेत घालायला नेले, गुरुजींनी हात डोक्यावरून कानाला लावून बघितला आणि तारीख टाकली. जे शाळेतच गेले नाहीत त्यांच्या आधार कार्डावर नुसते वर्ष, तेही अंदाजाचे. वय विचारले की "साठ असेल", "सत्तर लिही" अशी गोल उत्तरे येतात. त्यामुळे वहीत साठ आणि सत्तरवर गर्दी, एकसष्ट-एकाहत्तरवर शुकशुकाट. हा दोष देशाच्या जनगणनेतही असतो, तज्ज्ञ त्यासाठी आकडे सरळ करून घेतात. वस्तीत त्याहून चांगला उपाय आहे. आजीला वय विचारू नका. विचारा, दुष्काळात खडी फोडायला होतीस का, तेव्हा लग्न झाले होते का, नामांतराचे आंदोलन झाले तेव्हा थोरला केवढा होता. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी गावात आली तेव्हा रडणारी माणसे आठवतात असे कुणी म्हणाले, तर ते माणूस आज पंच्याहत्तरच्या आत असणे कठीण. कागदावर ते अडुसष्टचे असते, म्हणून सत्तरीच्या आरोग्य कार्डाला बाद ठरते.

जनगणनेचा गणक येईल तेव्हाही हे कामाला येईल. आपण धर्माच्या रकान्यावर लक्ष ठेवणार आहोतच. वयाच्या रकान्यावरही ठेवू या.

एकच खोली, वेगळ्या वेळा

आमच्या वहीतून एक गोष्ट कळली, जी बैठकीत कुणालाच सुचली नव्हती. अभ्यास करणाऱ्या मुलांना जागा लागते ती संध्याकाळी सातनंतर आणि परीक्षेच्या दिवसांत पहाटे. दिवसा ती शाळा-कॉलेजात किंवा कामावर असतात. म्हाताऱ्यांना जागा लागते सकाळी दहा ते दुपारी चार, जेव्हा पत्रा तापतो आणि घरात कुणी नसते. वेळा एकमेकींवर येतच नाहीत. म्हणजे भांडण दोन पिढ्यांचे नव्हते. तळमजल्यावर रचून ठेवलेल्या मंडपाच्या सामानाचे होते. ते वर नेले तर खालची एकच खोली दोघांनाही पुरते. पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला तिथेच करता येतो, रक्तदाब तपासता येतो, आणि रात्री त्याच टेबलांवर मुले बसतात. लहान मुलांचा बालसंस्कार वर्ग रविवारी. तो आता पूर्वीसारखा भरत नाही, हे वहीने सांगितले आणि थोडे वाईटही वाटले.

ज्या वस्त्यांचा पुनर्विकास चालू आहे, तिथे हे मोजणे आणखी तातडीचे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरची मिळून पंधरा हजारांहून अधिक कुटुंबे एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या संयुक्त योजनेत आहेत. घरे रिकामी झाली की भाडे घेऊन माणसे पांगतात. तरुण कुठेही राहू शकतो. ऐंशीची आजी अनोळखी चाळीत तीन वर्षे काढणार आणि मग बावीस मजली इमारतीत परत येणार. लिफ्ट बंद पडेल त्या दिवशी ती कोणत्या मजल्यावर असेल? घर सोडत असतानाच वयाची यादी तयार असेल, तर खालचे मजले कुणाला, कल्याण केंद्राची खोली कशासाठी, बालवाडी एक की दोन, हे सोसायटीच्या सभेत मागता येते. चाव्या मिळाल्यावर मागून काही होत नाही.

आमच्या विहारात अजून मजल्याचा निर्णय झालेला नाही. संडासात कठडा बसला आहे. जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा लावायला वेल्डर येऊन माप घेऊन गेला. मंडपाचे सामान कुठे ठेवायचे यावर मात्र पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बैठक आहे, आणि या वेळी वही समोर असेल.